कोऱ्या नळीतलं शिखर

"सर, ब्लँकमध्येही आलंय ते," मशीनवाली बाई दारातूनच म्हणाली, आणि त्याने हातातल्या कपातून चहाचा मोठा घोट अगदी शांतपणे घेतला. घोट घशाखाली गेल्यावर त्याला कळलं की चहा उकळता होता. जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं, आणि बाईला वाटलं की सर फारच मनाला लावून घेतात. तसं तो घेतच असे, पण या क्षणी त्याच्या मनाला काही लागलेलंच नव्हतं. ब्लँक म्हणजे दगड न घालता केलेलं दगडाचं काम. दगड कुटायचा नाही, पण बाकी सगळं जसंच्या तसं करायचं. तोच खल, तोच तराजू, तीच काचेची नळी, तेच सॉल्व्हंट, तीच गाळणी आणि तीच सगळी कटकट; आणि शेवटी मशीनने पडद्यावर सरळ रेघ काढायची. रेघ सरळ आली की समजायचं, दगडात जे सापडतं ते दगडाचंच आहे, आपलं काही त्यात गेलेलं नाही. या लॅबमध्ये ब्लँकची रेघ कायम इतकी सरळ येत असे की तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. ब्लँक करणं हे बाईचं काम आणि दगड तोलणं हे त्याचं, अशी वाटणी पहिल्यापासून ठरलेली होती. आपल्या दगडांना तो कुणाला हात लावू देत नसे, आणि दगड नसलेल्या नळीला हात लावणं त्याला कमीपणाचं वाटे. पण गेल्या आठवड्यात बाईची अक्कलदाढ काढली, गाल सुजला, ती रजेवर गेली, आणि आजचं व्याख्यान तोंडावर आलं म्हणून त्या वेळचा ब्लँक त्याने स्वतःच केला होता. आणि आता त्या कोऱ्या नळीत, जिथे काहीच नव्हतं तिथे, त्याच्या आयुष्याचं शिखर ताठ उभं होतं.

आयुष्याचं शिखर हे काही उगाच म्हटलेलं नाही. मशीन आलेख काढायचं, त्यात डोंगररांगेसारखी शिखरं यायची, आणि प्रत्येक शिखर म्हणजे दगडात अडकून राहिलेला एकेका जिवाचा अवशेष. जीव कधीच गेलेला, हाडं नाहीत, कवच नाही, नुसता एक रेणू उरलेला. त्यातलं हे एक शिखर बुटकं, दुसऱ्याच्या खांद्याला टेकून उभं असलेलं, कुणाच्या नजरेत न भरणारं. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा त्याने लॅबचं दार आतून लावून घेतलं होतं. ते एका हिरव्या सूक्ष्म जिवाचं होतं, असं त्याचं म्हणणं. हा जीव विचित्र स्वभावाचा. त्याला उजेड हवा, पण प्राणवायू अजिबात नको. उलट सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू हवा. म्हणजे तो दगडात सापडला की सिद्ध झालं, की जुन्या समुद्रातलं ते गुदमरलेलं पाणी नुसतं तळाशी नव्हतं, थेट उजेडापर्यंत वर चढलेलं होतं. वरून जे मरून पडेल ते तळाशी तसंच राहायचं. खायला कुणी नाही, कुजवायला हवा नाही. थरावर थर. त्याचाच पुढे शेल नावाचा दगड झाला, काळा, तेलकट वासाचा, पानापानांनी सुटणारा. ही कल्पना त्याला नुसती पटली नव्हती, ती त्याला ओळखीची वाटली होती. लहानपणी एका साचलेल्या तळ्यात त्याचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला होता. बुडबुडे आले, घाण वास आला, बरोबरची मुलं नाक दाबून पळाली, आणि त्याच्या पायाबरोबर चिखलातून एक पान वर आलं. काळं, पण अख्खं, शिरान् शीर शाबूत. वरच्या जगात पानांचा चुरा होतो आणि इथे हे असं राहतं, हे बघून तो इतका हरखला की चप्पल तळ्यातच राहिली. पुढे त्याच्याही आत सगळं तसंच राहत गेलं. सहावीत चित्रकलेच्या मास्तरांनी त्याच्या उंटाकडे बघून, हे कपाट कुणाच्या घरचं, असं विचारलं होतं. मास्तर गेले, शाळा पडली, वर्गातल्या कुणाला तो उंट आठवत असण्याचं कारण नाही. त्याच्यापाशी मात्र ते वाक्य मास्तरांच्या तपकिरीच्या वासासकट शाबूत होतं. लग्नानंतर लवकरच बायको एकदा म्हणाली होती, "तुमच्या आत हवाच जात नाही हो." ती घरात आली की आधी खिडक्या उघडी, आणि तिचं भांडण संध्याकाळपर्यंत विरून जाई. तिचं ते वाक्यही त्याच्यापाशी होतंच.

या बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे त्याचा मेहुणा, हाही दगडवालाच. जगात इतके धंदे असताना त्याने नेमका हाच निवडला आणि वर नेमका हाच दगड. मेहुणा डोंगर चढणारा, हातोडी घेऊन उन्हात हिंडणारा, गोल चेहऱ्याचा, जेवताना दुसऱ्याच्या ताटातलं उचलणारा आणि त्याबद्दल कुणाचा राग ओढवून न घेणारा माणूस. त्याचं म्हणणं अगदी उलट. गुदमरणं वगैरे काही नाही भावोजी, तो म्हणे, समुद्र मस्त भरलेला होता, जीवच इतके होते की खाणारे दमले, कुजवणारे दमले, आणि उरलं ते साठत गेलं. अन्न जास्त झालं म्हणून उरलं, हवा नव्हती म्हणून नाही. हा वाद लग्न, बारसं, दवाखान्यातला बाकडा, जिथे दोघं भेटतील तिथे चाले. एकदा तर बायकोची भूल उतरत असताना तिला पहिला शब्द ऐकू आला तो 'गंधक' हा होता. आणि आता हा वाद कायमचा मिटायची वेळ आली होती. नव्या म्युझियमच्या मुख्य दालनात त्या काळ्या दगडाची एक अख्खी भिंत उभी केली होती आणि तिच्याशेजारी बोर्ड लागायचा होता. म्युझियमच्या बाई कडक होत्या. बोर्डावर एकच वाक्य, शाळेतल्या मुलांना उभ्या उभ्या वाचता येईल असं, आणि त्यात 'कदाचित' हा शब्द चालणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं. त्याचं वाक्य तयार होतं: 'या समुद्रात प्राणवायू नव्हता, म्हणून हा दगड काळा झाला.' ते तो अंघोळ करताना मनाशी म्हणून बघत असे. आज दुपारच्या व्याख्यानात त्याने ते शिखर दाखवायचं, मेहुण्याने पहिल्या रांगेत बसून ते बघायचं, आणि मग वाक्य भिंतीवर चढायचं. आपण गेल्यावर मागे काय उरणार, असा विचार या वयात माणसाला येतोच. त्याचं उत्तर त्याने या एका वाक्यावर सोडलेलं होतं.

बाई सकाळपासून स्वस्थ बसली नव्हती. सॉल्व्हंट तपासलं, स्वच्छ. गाळणी स्वच्छ, फॉइल स्वच्छ, नळ्या भट्टीत भाजलेल्या, त्याही स्वच्छ. तिने जुने सगळे ब्लँक काढून पडद्यावर एकाखाली एक मांडले. सगळ्या रेघा सरळ, आणि शेवटची तेवढी शिंग फुटल्यासारखी. "मग राहिलं काय?" ती म्हणाली. हा प्रश्न तिने पडद्याला विचारला होता, पण तो ऐकून त्याचा विचार सुरू झाला, आणि विचार सुरू झाला म्हणून उजवा हात आपोआप वर गेला आणि मिशीवरून फिरू लागला, डावीकडून उजवीकडे, टोकाला हलकासा पीळ. मग तो हात हवेतच थांबला. त्याने बोटांच्या टोकांकडे बघितलं. तिथे अगदी पुसट काळसर, मेणचट काहीतरी होतं. आपल्याला जरा एकट्याने विचार करायचाय, असं तो बाईला म्हणाला, आणि हात खिशात घालून आपल्या खोलीत गेला.

ती मिशी त्याच्या डोक्याच्या आधी पांढरी झाली होती. डोकं काळं आणि मिशी पांढरी, म्हणजे तोंडाला खडू लागल्यासारखं दिसे. त्याचंही त्याने काही मनावर घेतलं नसतं, पण एकदा चपलांच्या दुकानात विक्रेत्या मुलीने त्याच्या बायकोला विचारलं होतं की बाबांना बसायला खुर्ची देऊ का. बायको खळखळून हसली आणि चपलांचं माप सांगेपर्यंत विसरूनही गेली. तो त्या खुर्चीवर बसला नाही. गेली कित्येक वर्षं तो मनातल्या मनात त्या दुकानात उभाच होता. त्यानंतर आठवड्याभरात बसक्या डबीतलं ते काळं सुगंधी मेण त्याच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात आलं. दाढीला त्याला वेळ लागतो, एवढंच घरात माहीत होतं. निदान त्याची तशी समजूत होती. मेणाने मिशी काळीभोर झाली, आणि काळीभोर मिशी म्हणजे चारचौघांत बोलायला एक आधार झाला. विचार करताना तिला हात लावायची सवय कधी लागली हे त्याला आठवत नव्हतं. सवय अशी सांगून लागत नाही. त्याने डबी उघडली, सुईच्या टोकाएवढं मेण घेतलं, सॉल्व्हंटमध्ये विरघळवलं, कुपीवर 'क' असं लिहिलं, आणि बाई जेवायला गेलेली बघून ती मशीनमध्ये लावली. या वयात आपल्याच लॅबमध्ये चोरून प्रयोग करायची पाळी यावी, याची त्याला लाज वाटली. मशीनला घाई नसते. ते आपलं गुणगुणत राहिलं, आणि तो समोरच्या स्टुलावर, निकालाच्या दिवशी पोरं बसतात तसा बसला. त्या काळात, म्हणजे दगड व्हायच्या आधी, मिश्या नव्हत्या, एवढं नक्की. मासेसुद्धा नीट झालेले नव्हते. आणि हा रेणू जर मेणातल्या सुगंधाचा असेल, तर तो इतकी वर्षं समुद्र समजून कशात बुडून बसला होता? खात्री करायला शुद्ध रेणूची बाटली मागवून तिच्याशी हे शिखर ताडून बघायचं होतं. दर वर्षी ती मागवायचं राहून गेलं. का राहून गेलं, या प्रश्नाशी येऊन तो थांबला, आणि मग पुढे जाऊन खिडकीच्या कडीशी चाळा करत बसला. खिडकी त्याने उघडली नाही. धूळ येते.

शिखर आलं. जिथे यायचं तिथेच, आणि खांद्याला टेकून वगैरे नाही, चांगलं ऐसपैस, पडद्याबाहेर जाईल एवढं. त्याने ते दोनदा बघितलं आणि आलेख पुसून टाकला. पण पुसता पुसता त्याला एक गोष्ट आठवली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. दगड जितका काळा, तितकं हे शिखर उंच. वरच्या फिक्या थरांत ते नावापुरतं आणि मधल्या काळ्याकुट्ट थरांत सगळ्यात मोठं. हा त्याच्या व्याख्यानाचा मुख्य आलेख होता. आता मिशीला काय कळतं, दगड किती काळा आहे ते? मेण सांडलं असतं तर सगळीकडे सारखंच सांडलं असतं. म्हणजे थोडंफार मेण असेलही, पण त्याखाली खरा हिरवा जीव असलाच पाहिजे. हा युक्तिवाद त्याने उलटसुलट करून पाहिला, त्याला कुठे भोक दिसलं नाही. बाई जेवून आल्यावर त्याने तिला सांगितलं की तो ब्लँक आपल्याच हातून काहीतरी बिघडला असणार, तो धरू नये. बाईने बरं म्हटलं. तिने इतक्या पटकन बरं म्हणायला नको होतं, असं त्याला उगाचच वाटलं.

हॉल बऱ्यापैकी भरला होता. म्युझियमच्या बाई हातात पेन घेऊन तयार. मेहुणा पहिल्या रांगेत, पाय पसरून, आणि चेहऱ्यावर तो उत्साह, जो भांडायच्या आधी त्याला नेहमी येई. मध्यभागी बायको बसली होती, कारण ती दोघांपैकी कुणाच्याही बाजूला बसली असती तर दुसऱ्याने महिनाभर ते काढलं असतं. मशीनवाली बाई मागे दाराशी होती. सुरुवात छान झाली. समुद्र कसा बंदिस्त होता, पाणी कसं वर-खाली होत नव्हतं, हे त्याने नेहमीपेक्षाही रंगवून सांगितलं. मग मुख्य आलेख पडद्यावर आला. फिक्या थरांपासून काळ्या थरांकडे चढत जाणारे ते ठिपके, त्याचे सगळ्यात लाडके. "आता हा सर्वांत काळा थर," तो म्हणाला, "या एका नमुन्याचा मी जितका विचार केला आहे तितका..." आणि वाक्य नीट जुळवण्यासाठी तो क्षणभर थांबला, त्या ठिपक्याकडे बघत राहिला, आणि बघता बघता त्याला जाणवलं की आपला उजवा हात मिशीवर आहे. एकदा नाही, दोनदा फिरून आलाय. त्याला तराजूची खोली आठवली. फिके थर तो भराभर तोलून मोकळा होत असे, त्यांत काही अर्थ नव्हता. काळा थर आला की मात्र तो थांबे. चिमूटभर भुकटी कागदावर घेऊन तो तासन् तास तिच्याकडे बघत बसे, त्या समुद्रात उतरे, आणि हात आपला वर-खाली, वर-खाली चालू. मिशीला काही कळत नव्हतं. हाताला सगळं कळत होतं. पडद्यावर जे चढत गेलेलं होतं ते समुद्रातलं विष नव्हतंच, तो त्याचा स्वतःचा विचार होता, थराथराने, अचूक मोजलेला.

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. अजून वेळ गेली नव्हती. पुढची चित्रं तयार होती, घसा साफ करून वाक्य पुरं करता आलं असतं, आणि ते भिंतीवरचं वाक्य, अंघोळीतलं, त्याला इतकं हवं होतं की छातीत दुखल्यासारखं झालं. पण मेहुणा पुढे वाकून बघत होता, तोंड किंचित उघडं ठेवून, मनापासून, एखाद्या शाळकरी मुलासारखा. या माणसाने आपलं म्हणणं कधी मानलं नव्हतं, पण प्रत्येक शब्द ऐकला मात्र होता. इतकं कान देऊन दुसरं कुणी ऐकलं नव्हतं. "हे शिखर समुद्राचं नाही," तो म्हणाला. आवाज आपला नसल्यासारखा वाटला. "काही अज्ञात कारणाने नमुन्यांत..." तिथे तो पुन्हा थांबला. "अज्ञात नाही. मी मिशीला काळं मेण लावतो. विचार करताना मी मिशीला हात लावतो. हे ते मेण आहे."

त्याने डोळे मिटून घेतले. हशा होईल, कुणी उठून जाईल, निदान एखादी खुर्ची तरी करकरेल, असं त्याला वाटलं होतं. काहीच झालं नाही. डोळे उघडून त्याने बघितलं तर सगळे आलेखाकडे बघत होते, काळजीने. त्याच्या मिशीकडे एकही माणूस बघत नव्हता. बायको पर्समध्ये चष्मा शोधत होती. मागे दाराशी मशीनवाल्या बाईने मान खाली घातली होती. मिशीचं सगळ्यांना माहीत होतं, कदाचित पहिल्या दिवसापासून, आणि इतकी वर्षं ते मिळून त्याला सांभाळून घेत होते, हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याला एकाच वेळी मेल्याहून मेल्यासारखं आणि फार बरं वाटलं. "पण भावोजी," मेहुणा गोंधळून म्हणाला, "मेणच असेल तर वरच्या थरांत कमी का?" त्याने प्रामाणिकपणे उत्तर दिलं, "त्या थरांचा मी फारसा विचार केला नाही." तेव्हा मात्र हॉल हसला. आधी मागची रांग, मग सगळा, आणि त्यात बायकोचं ते खळखळून हसणं त्याला वेगळं ऐकू आलं. त्याला स्वतःलाही हसू फुटलं आणि भाजलेली जीभ दाताला लागून चरचरली. म्युझियमच्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. "मग मी बोर्डावर काय लिहू?" त्यांनी विचारलं. त्याने सांगितलं, लिहा की हा दगड काळा का आहे ते अजून माहीत नाही. त्यांनी ते लिहून घेतलं, ओठ हलवत शब्द मोजले, आणि एका वाक्यात बसतं म्हणाल्या.

लोक पांगल्यावर मेहुणा त्याला बाहेरच्या लांब कॉरिडॉरमध्ये गाठणार हे त्याला माहीत होतं आणि तो मनाची तयारी करून उभा होता. पण मेहुणा आला तो खांदे पाडून, हातातली पिशवी उगाच या हातातून त्या हातात करत. "तू जिंकलास," तो मेहुण्याला आपणहून म्हणाला. भिंतीकडे बघत मेहुणा एवढ्या हळू आवाजात बोलला की तो आवाज त्याचाच आहे यावर विश्वास बसेना. "तुम्ही समोर होतात म्हणून मी छातीठोक बोलायचो. एकटा असलो की मलाच माझं खरं वाटत नाही. कधीच वाटलेलं नाही." त्याला या गोल चेहऱ्याच्या माणसाबद्दल एकदम माया वाटली, आणि आपल्याला असं काही वाटावं याचा थोडा रागही आला. बायको पुढे चालत होती. कॉरिडॉरचं दुसरं टोक अजून लांब होतं. या माणसाला आत्ता काहीतरी दिलं पाहिजे, एवढंच त्याला कळत होतं, आणि देण्यासारखं काय उरलंय ते तो घाईघाईने चाचपत होता.

"मॉलिब्डेनम आहे अजून," तो म्हणाला.

मेहुण्याने मान वर केली. मॉलिब्डेनम हा धातू. पाण्यातला प्राणवायू संपला की तो तळाशी येऊन बसतो, हे दोघांनाही पाठ होतं. "भरपूर आहे," तो पुढे म्हणाला. "काळ्या थरांतच. आणि धातू काही मिशीला लावत नाहीत."

"तपासलंत?"

"काय?"

"मिशी. मॉलिब्डेनमसाठी."

"नाही."

"मग आधी तपासा," मेहुणा म्हणाला, आणि त्याचा आवाज एक पायरी वर चढला. "आणि समजा नसलं मिशीत, तरी काय सिद्ध होतं हो? फक्त तळाला हवा नव्हती. वर समुद्र मस्त भरलेला असू शकतो. मी तर म्हणतो, भरलेला होता म्हणूनच तळाची हवा संपली." हे मूर्खपणाचं आहे, असं त्याने मेहुण्याला ठणकावून सांगितलं, खरं तर ते तितकंसं मूर्खपणाचं नव्हतं, आणि त्यामुळे त्याला अधिकच चेव आला. दोघं जागच्या जागी उभे राहून, हातवारे करत, एकमेकांना बोलू न देता बोलू लागले. पुढे गेलेली बायको दारापाशी थांबली, मागचे चढलेले आवाज तिने जरा वेळ ऐकले, आणि मग या दोघांना अजून वेळ लागणार हे ओळखून तिथल्या बाकावर पाय मोकळे करून बसली.